वीतभर उचल, विडीभर थांब

क्रेन चालवतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती उचलते?" एस.टी.त शेजारी बसलेला विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला विचारतो, माझ्या बहिणीचे सासरेही दर भेटीत विचारतात. पाच टन म्हटलं की सगळे मान हलवतात आणि विषय संपतो. "उचललेलं किती वेळ धरून ठेवते?" असं मला आजवर एकाच माणसानं विचारलं. त्याचं नाव धुळाबा. मूळचा मेंढरं राखणारा, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतला. हा प्रश्न त्याला पडला, कारण उचललेल्या गर्डरखाली, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळईखाली, खांबावर उभं राहणं हेच त्याचं काम होतं.

ही हकिगत वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका पुलाची आहे. संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. भोरच्या कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, आणि डोंगरातल्या गावांचा रस्ता अर्जांमधून बाहेर पडून खडी-दगडात दिसायला लागला होता. मी चोविशीचा होतो. वडील भोरला एका छापखान्यात खिळे जुळवत. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पण छापताना वाया गेलेली पत्रकं ढिगानं असत. आई ती फडताळात अंथरी. मी अक्षरं शिकलो ती त्या फडताळात डोकं घालून. 'कामगार बंधूंनो' हे मला मुळाक्षरांच्या आधी वाचता येत होतं. त्या पत्रकांत लिहिलेलं बहुतेक सगळं मला आजही खरं वाटतं. ते लोकांना सांगायची माझी रीत मात्र एका शनिवारी बदलली, ते पुढं येईलच.

आधी यंत्राविषयी. आमची क्रेन लढाईतून उरलेली, ठेकेदारानं लष्कराच्या मोडीतून घेतलेली. एका दांडग्या लॉरीवर गोल फिरणारी खोली, खोलीतून वर गेलेला जाळीदार लोखंडी हात, हाताच्या टोकावरून खाली सोडलेला तारेचा दोर आणि दोराला आकडा. दोर गुंडाळायला खोलीत एक ढोल असतो. तो फिरतो इंजिनानं, पण थांबतो माझ्या उजव्या पायानं. ढोलाच्या अंगाला एक लोखंडी चाक आहे, चाकाभोवती अस्तर लावलेला पट्टा. पाय दाबला की पट्टा चाकाला आवळून धरतो. वर टांगलेलं सगळं ओझं त्या आवळण्यावर लटकलेलं असतं. दोर नाही तुटला, हात नाही मोडला, आणि पट्टा नुसता ढिला पडला, तरी खालचा माणूस गेला.

पाच टन हा आकडाही फसवा आहे. पाण्यानं भरलेली बादली अंगाजवळ धरून बघा आणि मग हात लांब करून धरून बघा. क्रेनचंही तसंच आहे. हात जवळ असेल तेव्हा पाच टन. लांब केला की दोन टनांनाच मागची चाकं हलकी होतात.

हे सगळं मला पुण्याला दाजीबा उस्तादांनी शिकवलं. लढाईच्या काळात ते लष्कराच्या कारखान्यात होते. सकाळी यंत्राला हात लावण्याआधी ते यंत्राभोवती एक फेरी मारत, वैद्य रोग्याभोवती फिरतो तशी. दोर चिंधीतून ओढून बघायचा. तुटलेली तार असेल तर चिंधी अडकते. आकड्याला चीर गेली आहे का बघायचं. लॉरीला आधार देणारे बाजूचे चारही लोखंडी पाय रेल्वेच्या लाकडी स्लिपरांवर टेकलेत का, आणि स्लिपरांखालची जमीन खरी आहे का, हे पहारीनं ठोकून बघायचं.

जमिनीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. भोरहून यंत्र आणताना उत्रोलीजवळ एका शेतकऱ्यानं वाट अडवली. त्याची म्हैस चरात रुतली होती.

"तुमचा ह्यो हात तिथवर जाईल का?" तो म्हणाला.

"हात जाईल. चाकं जायची नाहीत."

भातं निघून गेलेली, खाचर वरून खडखडीत वाळलेलं. मी पहार मारली, ती निम्मी आत गेली.

"अवो, माझी बैलगाडी रोज हितनंच जाती!"

"तुमच्या शंभर गाड्या एकावर एक रचा, मग आमची एक होते."

तो चिडला. सरकारी यंत्र गरिबाच्या कामाला येत नाही म्हणाला. हे वाक्य मी पत्रकांत इतक्या वेळा वाचलं होतं की माझे कान तापले. पण पहारीचं ऐकायचं हे उस्तादांनी शिकवलं होतं. एवढ्यात त्याच्या बायकोनं हिरव्या चाऱ्याची पेंढी आणून म्हशीच्या तोंडासमोर धरली, आणि म्हैस दोन हिसड्यांत आपल्या पायांनी वर आली. "मिशिनीपरीस म्हस शानी," असं म्हणून त्यानं मला वाट दिली.

वेल्ह्याकडची थंडी मात्र पुण्याच्या उस्तादांनीही पाहिलेली नव्हती. पौषात पहाटे ओढ्यावर धुकं असं बसे की क्रेनच्या हाताचं टोक दिसत नसे. इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं. संध्याकाळी आम्ही रेडिएटरमधलं पाणी काढून ठेवायचो आणि इंजिनावर धुळाबाची घोंगडी टाकायचो. सकाळी चुलीवरचं कढत पाणी रेडिएटरमध्ये भरून मग दांडा फिरवायचा. इंजिन धडधडायला लागलं की लगेच कामाला जुंपायचं नाही. पाव तास ते आपल्यापाशी गुरगुरू द्यायचं, तेल पातळ होईपर्यंत. मग रिकामा ढोल दोन्हीकडे फिरवायचा. रात्रभर ब्रेकच्या चाकावर दहिवर पडलेलं असतं, आणि ओलं चाक पट्ट्याला दाद देत नाही. म्हणून पाय हलकेच ठेवून ढोल फिरवत राहायचं. चाक तापून त्यातून वाफ निघाली की समजायचं, कोरडं झालं.

आणि सगळ्यात शेवटी उस्तादांची ती परीक्षा. ओझं वीतभरच उचलायचं आणि थांबायचं. किती? तर एक विडी ओढून होईपर्यंत. तेवढ्या वेळात ओझं जागचं हललं नाही तर पुढं जायचं. मी विडी ओढत नाही. व्यसनावरचीही पत्रकं फडताळात होती. म्हणून आमच्या पुलावर ती विडी धुळाबा ओढायचा. धुळाबानं ओझं किती वेळ धरून ठेवते असं विचारलं होतं, त्यावर मी त्याला हेच सांगितलं होतं : "तुमची विडी संपेपर्यंत तरी धरते का, ते तुम्हीच रोज बघा."

तो खूश झाला होता. "म्हंजी ठेकेदाराच्या टायमात विडी? लई ब्येस कायदा हाय."

तो विडी फार सावकाश ओढे. दगडावर उकिडवा बसून, एक डोळा मिटून, दुसरा गर्डरखालच्या वीतभर फटीवर ठेवून.

आता माझी चूक. यंत्र पुलावर आलं त्या पहिल्या दिवशी मजुरांनी नारळ आणि हळदकुंकू आणलं होतं. पुढं होती धुळाबाची बायको बायजा. ती तिथं खडी वाहायची. मी लॉरीच्या पायरीवर उभा राहून बोललो. यंत्र हा देव नाही, ते तुमच्यासारख्याच कामगारांनी घडवलेलं लोखंड आहे, नारळ फोडून बोल्ट घट्ट होत नाही, तुमची भीती हेच मालकाचं भांडवल आहे, वगैरे. चांगलं बोललो होतो. सगळे गप्प उभे होते आणि मला वाटलं, पटलं. बायजानं नारळ परत पदरात बांधला. मी जिंकलो अशा समजुतीत खाली उतरलो.

त्याच आठवड्यात ढोलाच्या चाकावरच्या झाकणाला गंज धरलेला मी पाहिला आणि त्याला गंज मारणारा रंग दिला. रंगवता रंगवता, याच्या आतलं चाकच सगळं ओझं धरतं, असं बघायला आलेल्या मजुरांना सांगितलंही. हा रंग शेंदरी असतो. गोल झाकण, त्यावर चकचकीत शेंदरी रंग. मला त्यात फक्त रंगवलेलं झाकण दिसत होतं.

पहिली गर्डर चढवायचा दिवस शनिवार होता. दीड टनाची गर्डर ओढ्याकाठी ओंडक्यांवर ठेवलेली. आमचे ओव्हरसियर भोरहून जीपनं सकाळीच आले होते, कारण दुपारी त्यांचे वरचे साहेब काम बघायला यायचे होते. कडाक्याची थंडी; इंजिन चालू व्हायलाच दोनदा पाणी तापवावं लागलं. मी फेरी मारली, दोर बघितला, चाकाची वाफ काढली, झाकण लावलं. इंजिन गुरगुरत ठेवलं आणि खाली उतरलो.

तपासणी झाल्यावर चालकानं यंत्र सोडायचं नाही, हाही उस्तादांचा नियम. मी तो मोडला. शेकोटीशी सारे मजूर जमले होते, आणि माझ्या खिशात एक नवं पत्रक होतं. कामावर इजा झाली तर कामगाराचा हक्क काय, याचं. मी ते उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. चांगला दहा मिनिटं वाचत होतो. बायजा शेकोटीशी नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मी परत चढलो तेव्हा ओव्हरसियर घड्याळ बघत होते.

"आता थेट वर घ्या. आधीच उशीर झालाय."

"वीतभर उचलून थांबायला लागेल, साहेब."

धुळाबानं तोवर कानावरची विडी काढली होती. ओव्हरसियर त्याच्याकडे बघून म्हणाले, "विड्या ओढायला ठेवलंय काय तुम्हाला इथं? खांबावर चढ!"

धुळाबा माझ्याकडे बघायला लागला. मी इंजिनाच्या आवाजावरून ओरडलो, "साहेब, थेट वर घेतो. पण मग खांबावर धुळाबाच्या जागी तुम्ही उभे राहा."

ते दोन पावलं मागं सरकले. धुळाबानं काडी ओढली.

मी गर्डर उचलली. वीतभर. पाय दाबून धरला. धुळाबा दगडावर बसला, एक डोळा मिटला. विडी निम्मीही झाली नसेल. कसलाही आवाज आला नाही, झटका बसला नाही. माझा पाय फळीला टेकेपर्यंत खाली गेला होता आणि तरीही ती दीड टनाची गर्डर खाली यायला लागली. कुणी हातानं टेकवावी तशी शांतपणे ओंडक्यांवर येऊन बसली. मी जीव खाऊन पॅडल दाबत होतो आणि दोर ढिला पडत होता.

धुळाबानं विडी तोंडातून काढली. "डायवर, तुमी बसवली का ती आपसूक बसली?"

  मी इंजिन बंद केलं, मागं जाऊन झाकण उघडलं. आतून करडईच्या तेलाचा घरगुती वास आला. चाक तेलानं निथळत होतं, पट्ट्याचं अस्तर पिऊन फुगलं होतं. खाली चार उडदाचे दाणे आणि रुईचं एक पान. शनिवार. शेंदरी रंग. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"कुणी केलं हे?" ओव्हरसियर ओरडले.

 मग बायजा पुढं आली. हात लुगड्याला पुसत होती.

"म्या घातलं त्याल, झाकन सारून. आज मारुतीचा वार. ह्यो शेंदूर ल्यालेला गोल हाय त्योच समदं वझं धरून ऱ्हातो, असं डायवरदादाच सांगत व्हते. आमचं मानूस खाली उभं असतंय. म्हनलं, त्याला बळ येऊ दे."

"वैनी, अहो, मला विचारायचं तरी!" माझा आवाज चढला होता.

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "इचारलं असतं तर घालू दिलं असतंत व्हय?"

 तिनं विचारलं असतं तर मी तिला का नको ते समजावून सांगितलं असतं. पण पहिल्याच दिवशी पायरीवर उभं राहून मी विचारण्याची वाट बुजवून टाकली होती. लोक माझ्यासमोर पूजा करायचे थांबले, आणि माझ्या पाठीमागं करायला लागले. पाठीमागं म्हणजे नेमकी ब्रेकच्या चाकावर.

धुळाबाला आता कळलं होतं. तो बायकोकडे बघून म्हणाला, "मला माराया निगाली व्हतीस का गं, शेळके?" हे तिचं माहेरचं आडनाव. तो हसत होता, पण अर्धी विडी त्यानं दगडावर विझवली.  आपण काय केलं ते बायजाला त्या क्षणी समजलं. ती खडीच्या ढिगावर बसली.

"या बाईला उद्यापासून कामावर घ्यायचं नाही," ओव्हरसियर म्हणाले. "आणि यंत्राच्या वहीत तिचं नाव लिहा."

मी वही काढली आणि लिहिलं : तपासणीनंतर चालक यंत्र सोडून शेकोटीशी गेला, चालकाची चूक. त्याखाली लिहिलं : परीक्षा न घेता थेट वर उचलण्याची तोंडी सूचना मिळाली होती. आणि वही त्यांच्यापुढं सहीला धरली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "हे दुसरं वाक्य कशाला?"

"पहिलं ठेवायचं तर दुसरंही राहील. बाईचं नाव घालायचं तर तिसरं वाक्य लागेल, की झाकणाला शेंदरी रंग मी दिला."

बायजाच्या कामाचा विषय तिथंच मिटला. उलट त्यांनी जीपमधलं पेट्रोल दिलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आम्ही पट्टा सोडवला. चाक पेट्रोलनं तीनदा धुतलं. अस्तरातलं तेल निघेना, तेव्हा बायजानं शेकोटीची राख फडक्यातून गाळून आणली. ती राख चोळायची, तेल पिऊ द्यायची, झटकायची, पुन्हा चोळायची. तिनं एकटीनं हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

चोळता चोळता खाली मान घालूनच म्हणाली, "मंग त्याल घालायचंच न्हाई का कुठं?"

मी भाषण केलं नाही. तिला फिरत्या खोलीखाली नेलं आणि तेलाची सहा भोकं दाखवली. "इथं घाला. रोज. शनिवारची वाट बघू नका. आणि करडईचं नाही, हे डब्यातलं."

"ह्येला त्याल बी येगळं लागतंय?"

"लागतं."

"सोवळ्याचा दिसतुया," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

दुपारी वरचे साहेब आले, उघडं पडलेलं यंत्र बघून भुवया चढवल्या आणि वेल्ह्याच्या डाकबंगल्यात जेवायला गेले. तोवर ऊन चांगलं तापलं होतं. अस्तर हाताला कोरडं लागलं. पट्टा बसवला, ढोल फिरवून चाक गरम केलं, आणि मी पुन्हा गर्डर वीतभर उचलली. खाली फटीत एक लाकडी पाचर उभी करून ठेवली, तिच्या डोक्यावर बोटभर जागा सोडून. जागा कमी झाली तर कुणालाही दिसावी.

धुळाबानं नवी विडी पेटवली. त्या वेळी शेकोटीशी कुणी नव्हतं. तीस-चाळीस माणसं त्या बोटभर जागेकडे बघत होती. बायजा तर जमिनीवर गाल टेकवून बघत होती. विडी अर्धी झाली. विडी बोटांना चटका देण्याइतकी झाली, तरी धुळाबानं ती टाकली नाही. शेवटी ओव्हरसियरच म्हणाले, "अजून एक ओढ."

त्यानं दुसरीही ओढली. जागा तेवढीच होती.

मग तो उठला, धोतर खोचलं आणि खांबावर चढला. मी गर्डर वर घेतली. हात फिरवला. ती त्याच्या डोक्यावरून गेली तेव्हा तिची सावली त्याच्या अंगावर पडली आणि मला पायातली प्रत्येक शीर वेगळी जाणवली. तो हातानं खुणा करत होता : थोडं इकडं, थोडं खाली, थांबा. गर्डरच्या भोकातून त्यानं पहार घातली, अंगानं रेटून भोकाखाली भोक आणलं.

"टेकवा!"

मी पाय केसभर ढिला केला. गर्डर बैठकीवर बसल्याचा जड, ठोस आवाज ओढ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेला. धुळाबानं बोल्ट घातले, दोर सोडवला, आकडा मोकळा केला आणि माकडासारखा सरसर खाली उतरला.

बायजा तोवर उठून उभी राहिली होती. तो जवळ आल्यावर तिनं त्याच्या अंगावरची खडीची धूळ झटकली, जरा जोरातच, आणि म्हणाली, "जेवाया चला. कवाची भाकर वाळाया लागलीया." एवढंच. दोघं चुलीकडे चालायला लागली. माणसं आपापल्या टोपल्यांकडे वळली. ओव्हरसियरनी टोपी काढून डोकं पुसलं.

मी तसाच बसून होतो. वर नुसता रिकामा आकडा डोलत होता आणि माझा पाय पॅडलवरून निघेना.

धुळाबानं चालता चालता मागं वळून बघितलं आणि हाक मारली, "उतरा की वो डायवर! जेवाया या. आता काय धरून बसलाय?"